पोरगा ‘इव्हेंट’ करतो म्हणतो; आधी त्याची वही बघा

मागच्या महिन्यात विंझरहून आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे अब्बा त्याला सोबत घेऊन आमच्याकडे आले. पोरगा बी.कॉम. झालेला, पंचविशीच्या आतला. चहा यायच्या आधीच अब्बांनी विषय काढला. “सर, याला जरा समजवा. नोकरीचा फॉर्म भरत नाही. सारखा मंडप, लाईट आणि माईक. लोक विचारतात मुलगा काय करतो, तर काय सांगायचं? इव्हेंट?” पोरगा खाली मान घालून बसलेला. त्याच्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये त्याने सजवलेल्या एका वलीम्याच्या स्टेजचे फोटो होते. ते त्याने आम्हाला दाखवले, अब्बांना दाखवले नाहीत.

अशी घरं आता एक-दोन राहिलेली नाहीत. भोर, वेल्हे, नसरापूर या पट्ट्यातच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी आपल्या समाजातली पाच-सात पोरं तरी या कामात दिसतील. कोणी साऊंड लावतो, कोणी फुलांची सजावट करतो, कोणी निवेदन करतो, कोणी उरुसाला कव्वाल आणून देतो. घरच्यांना वाटतं हा टाईमपास आहे. पोरांना वाटतं आपण ‘क्रिएटिव्ह’ आहोत, हिशेब नंतर बघू. आमच्या मते दोघंही थोडे चुकतात. म्हणून हे काम नेमकं चालतं कसं, पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि आई-बापांनी होकार किंवा नकार देण्याआधी काय बघावं, ते सविस्तर लिहितो आहोत.

शब्द नवा आहे, काम जुनं आहे. चार ठिकाणचे कलाकार, कारागीर आणि सामान एका ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पैशात एका जागी आणायचं आणि कार्यक्रम बिनबोभाट पार पाडायचा, याचं नाव इव्हेंट. आपल्या पुणे जिल्ह्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे, आणि ते बघायचं असेल तर पुण्याच्या उत्तरेला नाशिक रस्त्यावर नारायणगावला जावं लागेल.

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. राहुटीवर फडाचा फलक, आत मॅनेजर आणि त्याच्यापुढे तारखांची डायरी. गावोगावचे जत्रा कमिटीचे लोक येतात, आपल्या ग्रामदैवताच्या जत्रेची तारीख सांगतात, घासाघीस होते आणि सुपारी ठरते. सुपारी म्हणजे करार. त्याबरोबर विसार दिला जातो, म्हणजे आगाऊ रक्कम. मोठ्या फडात शंभराहून जास्त माणसं असतात: गाणारी, नाचणारी, ढोलकीवाला, सोंगाड्या, स्वयंपाकी, ड्रायव्हर, तंबू ठोकणारे. दसऱ्याला फड बाहेर पडतो तो बुद्ध पौर्णिमेपर्यंत फिरत राहतो. कलाकारांना हंगामाच्या आधी उचल द्यावी लागते. ती उचल मालकाने कर्ज काढून दिलेली असते. म्हणजे प्रेक्षकांना स्टेजवर लावणी दिसते, पण तिच्यामागे ट्रकचं भाडं, डिझेल, व्याज आणि शंभर जणांचं दोन वेळचं जेवण उभं असतं.

आणि हे सगळं एका झटक्यात बसूही शकतं. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशातल्या लॉकडाऊनचा पहिला दिवसही तोच. ज्या दिवसांत सुपाऱ्या फुटायच्या, नेमक्या त्याच दिवसांत कुलूप लागलं. पुढच्या वर्षीही जत्रा बंदच होत्या. लागोपाठ दोन हंगाम गेले. उचल वाटून बसलेल्या फडमालकांचं काय झालं असेल, ते धंदा करणाऱ्याला सांगायला नको. इव्हेंटच्या पोरांना आम्ही हे आवर्जून सांगतो, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी लॉकडाऊन शाळेच्या बाकावरून, म्हणजे मोबाईलवरून पाहिलाय, धंद्याच्या गल्ल्यावरून पाहिलेला नाही.

आता अब्बांचा दुसरा, न बोललेला प्रश्न. “आपल्यातल्या माणसाने हे काम करावं का?” तर आपल्यातली माणसं या मराठी रंगमंचावर पहिल्यापासून आहेत. उत्तर पेशवाईतले नावाजलेले शाहीर सगनभाऊ हे जेजुरीचे आणि मुसलमान. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ज्यांच्या आवाजाने मैदानं भरत, ते शाहीर अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि त्यांनी मिळून लाल बावटा कलापथक उभं केलं. कलापथक चालवणं म्हणजे नुसतं गाणं नव्हतं. गावं ठरवणं, माणसं हलवणं, वाद्यं सांभाळणं, राहण्याजेवण्याची सोय बघणं, हे सगळं त्यात आलं.

आणि अगदी जवळचं नाव घ्यायचं तर शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर. जन्म १९४७, इंतकाल नोव्हेंबर २०२१. नामांकित तमाशा फडांसाठी त्यांनी गण, गवळण, लावण्या, वग लिहिले. हुंडा, व्यसन यांच्याविरुद्ध लोकगीतं लिहिली. तमाशाची सुरुवात गणाने होते, गण म्हणजे गणपतीला वंदन. एका मोमीन घरातला माणूस तो लिहितोय याचं गावाला काही वाटलं नाही, त्यालाही वाटलं नाही. राज्य सरकारने विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा २०१८ चा जीवनगौरव पुरस्कार त्यांना दिला. आपल्या किती घरांत हे नाव माहीत आहे? आम्ही वर्गात विचारलं तर एकही हात वर आला नाही. तो दोष पोरांचा नाही.

अर्थात मोमीन कवठेकर लेखक होते, आणि आपल्या पोराला लिहायचं नाही, कार्यक्रम उभे करायचे आहेत. पण दोन्हीला लागणारी शिस्त एकच: ज्याचं काम आहे त्याच्या तारखेला ते तयार पाहिजे.

भिंतीवर एक कॅलेंडर, डोक्यात दोन

विंझरसारख्या गावात या कामाचा पहिला धडा म्हणजे तारखा. विंझर नसरापूर-वेल्हे रस्त्यावरचं गाव. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, तोंडात अजून वेल्हेच आहे. कॉलेज आहे, आसपासच्या वाड्यावस्त्यांची पोरं तिथे शिकायला येतात. मुसलमानांची घरं मोजकी. म्हणजे फक्त आपल्या लोकांच्या शादीवर धंदा चालणार नाही. हळद, साखरपुडा, बारसं, जत्रा, गणेशोत्सव, शाळा-कॉलेजचं स्नेहसंमेलन, पतसंस्थेची सभा, दुकानाचं उद्घाटन, उरूस, सगळं धरावं लागेल.

पुणे जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या भागांतला हा एक भाग. जून ते सप्टेंबर उघड्यावरचा मंडप विसरायचा. त्यातच आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत हिंदू घरांत लग्नं जवळपास थांबतात. म्हणजे नोव्हेंबर ते मे-जूनची सुरुवात एवढाच खरा हंगाम. त्यातही अधिक महिना आला की गडबड. २०२३ मध्ये तो श्रावणात होता, तेव्हा नाहीतरी पाऊसच होता, फारसं बिघडलं नाही. २०२६ चा अधिक ज्येष्ठ मात्र मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे ऐन लग्नसराईच्या शेपटाला.

आपलं हिजरी साल चांद्र, आणि त्यात अधिक महिना नसतो. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२४ मध्ये पहिला रोजा १२ मार्चला होता, २०२५ मध्ये २ मार्चला. २०२५ मध्ये तर ३० मार्चला गुढीपाडवा आणि ३१ ला ईद, लागोपाठ. जत्रांचा हंगाम सुरू होतोय आणि आपल्या हाताखालची अर्धी पोरं ईदच्या खरेदीत. रोजा धरून दिवसभर उन्हात बांबू उभे करणं काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. पुढची काही वर्षं रमजान असाच हिवाळ्याकडे सरकत जाणार. २०३० साली तर तो जानेवारीतही येईल आणि डिसेंबरमध्येही. रमजानात आपल्याकडे शाद्या नसतात, मोहरममध्येही बरीच घरं टाळतात. त्यामुळे पोराने पुढच्या दोन वर्षांच्या तारखा आजच काढून ठेवल्यात का, हा त्याला विचारायचा पहिला प्रश्न. बऱ्याच मराठी कॅलेंडरांवर मुस्लिम महिनेही छापलेले असतात, त्यासाठी वेगळा खर्च नाही.

एका दिवसाचा हिशेब

आता पैसे. खालचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, गावागणिक आणि हंगामागणिक ते बदलतील. समजा, चारशे माणसांच्या एका वलीम्याचं काम ९०,००० रुपयांना ठरलं, जेवण सोडून. मंडप आणि खुर्च्यांचं भाडं ३२,०००. लाईट आणि जनरेटर १४,०००. साऊंड ९,०००. स्टेजची सजावट आणि फुलं १२,०००. सहा मजूर, प्रत्येकी ७०० प्रमाणे ४,२००. टेम्पोच्या फेऱ्या ५,०००. बेरीज ७६,२००. राहिले १३,८००.

इथपर्यंत पोरं आनंदात असतात. पण पाहुणे गेल्यावर घरमालक म्हणतो, “बेटा, जरा खर्च जास्त झाला, पाच हजार कमी कर, आपलाच आहेस.” राहिले ८,८००. त्यात दोनदा जागा बघायला गेलेलं पेट्रोल, फोन आणि तुटलेल्या दोन खुर्च्या अजून धरलेल्या नाहीत.

पहिल्या वर्षी अशी दहा कामं मिळाली तरी पुष्कळ. ८८,००० रुपये वर्षाचे, म्हणजे महिन्याला सात हजारांच्या जरा वर. पस्तीस कामं मिळाली तर तीन लाख आठ हजार, महिन्याला पंचवीस हजारांच्या वर. फरक फोटो किती छान आले यात नाही. किती कामं आली, प्रत्येक कामात किती गळती झाली, यात आहे. म्हणून पोराने दाखवलेल्या फोटोंपेक्षा त्याची वही बघावी असं आम्ही म्हणतो. वही नसेल तर मात्र अब्बांचं बरोबर आहे, तो टाईमपासच आहे.

आपल्यांना सवलत द्यावी का? आमचं मत स्पष्ट आहे. द्यायची तर आधी सांगून द्यावी, बिलात लिहून द्यावी. नंतर कापलेले पैसे ही सवलत नसते, ती कुणाच्या तरी मजुरीतून जाते. टेंपोवाल्याला किंवा सजावटवाल्या पोराला मग “पुढच्या कामात बघू” म्हटलं जातं. मजुराची मजुरी वेळेवर देण्याबद्दल आपण जुम्म्याच्या खुत्ब्यात कितीदा ऐकलंय, आणि वलीम्याच्या मंडपात किती पटकन विसरतो!

लिहून घेण्यात लाज कसली?

हा भाग जरा लांबवणार आहोत, कारण बहुतेक भांडणं इथेच होतात. आपल्या लोकांना आपल्या माणसाकडून लिहून घेणं अपमान वाटतो. “विश्वास नाही का?” अहो, कुरआनातली सगळ्यात मोठी आयत कुठली? सूरह बकराची २८२ वी. ती आहे व्यवहाराबद्दल. मुदतीची देणीघेणी लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने नीट लिहावं, साक्षीदार घ्यावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय. रोज तिलावत करणाऱ्या घरात विसाराची पावती नसावी, याचं आम्हाला खरंच नवल वाटतं.

आमच्यावरही हे बेतलंय. काही वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी एका ओळखीच्या साऊंडवाल्याला तोंडी सांगितलं होतं. त्या दिवशी त्याला दुसरीकडे जास्त पैशांचं काम मिळालं. तो आलाच नाही, फोनही बंद. तीनशे पालक समोर, पोरं मेकअप करून बसलेली, आणि आम्ही शेजारच्या मशिदीच्या मुअज्जिनसाहेबांकडे माईक मागायला गेलो. त्यांनी दिला, अल्लाह त्यांचं भलं करो, पण त्यावर नाच कसला होतोय! पोरांनी कविता म्हटल्या, नाटक कसंबसं झालं, मुलींचं समूहनृत्य राहून गेलं. त्यातली एक मुलगी अजून भेटली की आठवण काढते. आम्ही साऊंडवाल्याला दोष देत फिरलो, पण त्याच्या नावाची एक ओळही आमच्याकडे लिहिलेली नव्हती.

करार म्हणजे वकिलाचा कागद नव्हे. साध्या वहीच्या पानावर, दोघांच्या सह्या आणि फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवलेला, तरी पुरे. त्यात तारीख आणि सामान कधी पोहोचणार, कधी उतरणार ती वेळ. काय काय देणार याची यादी, आकड्यांसकट. “लाईट चांगली असेल” याला अर्थ नाही, किती फोकस, किती माळा ते लिहा. रक्कम किती, विसार किती, दुसरा हप्ता कधी. आमचा सल्ला असा की सामान उतरायच्या आधी निम्म्याहून जास्त पैसे हातात असावेत आणि शेवटचा हप्ता कार्यक्रमाच्या सकाळी, रात्री नाही. कार्यक्रम रद्द झाला तर विसाराचं काय? पाऊस आला तर? घरात मयत झाली तर? हे विचारायला अवघड वाटतं, पण वेल्ह्यात मेच्या शेवटी वळवाचा पाऊस येतोच. मयतीच्या वेळी कोणीही पैशांवरून वाद घालू नये, म्हणूनच ते आधी ठरलेलं बरं.

परवानग्या

रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक उघड्यावर वाजवता येत नाही, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला दंडक. वर्षातल्या मोजक्या दिवसांना, जास्तीत जास्त पंधरा, बारापर्यंत सूट देता येते. ते दिवस जिल्हा प्रशासन जाहीर करतं. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा. त्यामुळे ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला आणि पोलीस ठाण्याची परवानगी आधीच काढावी, आणि तिची झेरॉक्स साऊंडवाल्याच्या खिशात असावी. रात्री साडेदहाला पोलीस येतात तेव्हा ज्याच्यापुढे मशीन असतं तोच सापडतो.

गाण्यांच्या हक्काचा मुद्दा पोरांना माहीतच नसतो. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांत वाजवलेल्या गाण्यांना कॉपीराईट कायद्यात सूट आहे, धार्मिक विधींनाही आहे. पण तिकीट लावून ऑर्केस्ट्रा केला, हॉटेलात नववर्षाचा कार्यक्रम केला, तर हक्कदार संस्थांचा परवाना लागतो. जीएसटीचं म्हणाल तर सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल वीस लाखांपुढे गेल्यावर नोंदणी बंधनकारक होते. लोककला किंवा शास्त्रीय कला सादर करणाऱ्या कलाकाराचं मानधन एका कार्यक्रमाला दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. लक्षात ठेवा, ही सूट कलाकाराला आहे, आयोजकाला नाही.

परवानगीपेक्षाही मोठी गोष्ट माणसांच्या जिवाची. भोरहून घाट चढून मांढरदेवीला जाणारा रस्ता आपल्याकडच्या सगळ्यांना माहीत आहे. देऊळ वाई तालुक्यात, पण भोर-वेल्ह्यातून माणसं जातातच. २५ जानेवारी २००५ ला, पौष पौर्णिमेच्या यात्रेत, तिथे चेंगराचेंगरीत तीनशेच्या आसपास माणसं गेली. अरुंद वाट, निसरड्या पायऱ्या, दुकानांची दाटी आणि लागलेली आग. एवढी गर्दी आपल्या पोराच्या कार्यक्रमाला येणार नाही. पण पाचशे माणसांच्या मंडपाला एकच दार, दाराशी गॅसची शेगडी आणि जमिनीवर उघडी वायर, हे दृश्य आम्ही आपल्याच शाद्यांत पाहिलंय. पोराला विचारा, बाहेर पडायची दुसरी वाट कुठे ठेवतोस? उत्तर लगेच आलं तर समजा शिकतोय.

गाण्याबजावण्याचा प्रश्न

काही घरांत अडचण पैशांची नसतेच, दीनची असते. संगीताबद्दल आपल्या उलेमांमध्ये वेगवेगळी मतं आहेत. फतवा देणं मास्तराचं काम नाही, ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं. आम्ही एवढंच सांगू की या धंद्यात कुठलं काम घ्यायचं आणि कुठलं नाही, हे ठरवता येतं. डीजे आणि दारू असलेली कामं न घेणारी पोरं आम्हाला माहीत आहेत. त्यांचं काही काम जातं, आणि काही घरं त्यांना त्यासाठीच बोलावतात. सीरतचा जलसा, नातिया मुशायरा, शाळेचं प्रदर्शन, पुस्तक प्रकाशन, रक्तदान शिबिर, यांनाही स्टेज, माईक आणि वेळेचं भान असलेला माणूस लागतोच. खेड शिवापूरच्या कमरअली दरवेश दर्ग्यासारख्या ठिकाणी सगळ्या जातीधर्माची माणसं येतात. तिथली गर्दी नीट सांभाळणारा माणूस सवाबाचंच काम करतो, असं आम्ही मानतो.

आणि मुली? यावर कोणी बोलत नाही. आपल्या समारंभांत बायकांची बाजू वेगळी असते. मेहंदी, हळद, बायकांच्या दालनातली सजावट, वाढप, फोटो, सगळ्याला बाईमाणूस हवं असतं आणि मिळत नाही. फोटोग्राफर मुलगी पुण्याहून बोलवावी लागते आणि ती मागेल ते पैसे द्यावे लागतात. विंझरच्या कॉलेजातल्या दोघी-तिघींनी मिळून हे काम धरलं तर त्यांच्याशी स्पर्धा करायला तालुक्यात फारसं कोणी नसेल. पोराच्या इव्हेंटवर चर्चा होते, पोरीच्या हातची मेहंदी फुकटात काढून घेतली जाते. तीही या हिशेबात धरा.

एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. नाव ऐकून काम मागे घेतल्याचं आम्हाला पोरांनी सांगितलंय. अलीकडे ते वाढलंय असंही ते म्हणतात. त्याच पोरांना शेजारच्या गावातल्या जत्रा कमिटीने सलग तीन वर्षं मंडपाचं काम दिलंय, हेही खरं. या दोन्ही गोष्टी एकाच तालुक्यात घडतात. आमचा अनुभव असा की पहिलं काम ओळखीने मिळतं, दुसरं वेळ पाळल्याने मिळतं. पण नाकारल्याचा घाव वेळ पाळून भरत नाही. घरी आल्यावर त्याच्याशी चार शब्द बोलायला घरचे तयार हवेत. “आम्ही आधीच सांगत होतो” हे त्यातले चार शब्द नव्हेत.

भांडवल

सुरुवातीलाच मंडप, साऊंड, जनरेटर विकत घेऊ नये. भाड्याने आणावं, काम करावं, परत करावं. वर्षभर वही सांगेल कुठल्या सामानाचं भाडं सगळ्यात जास्त जातं. मग ते एक विकत घ्यावं. याने व्याजाचा प्रश्नही बराच मागे पडतो, आणि अनेक घरांना तो महत्त्वाचा असतो. ज्यांना योजना घ्यायची आहे त्यांनी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी. ग्रामीण भागातल्या अल्पसंख्याक अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आणि स्वतःचा वाटा ५ टक्के, अशी तिची रचना आहे, बाकीचं बँकेचं कर्ज. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडेही विचारावं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. त्यासाठी दोन-तीन हजार मागणारे एजंट फिरतात, त्यांना चहा पाजून वाटेला लावावं.

विंझरच्या बाजूला आणखी एक दार उघडतंय. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात राजगड आहे. पर्यटक वाढले की पायथ्याच्या गावांत मुक्काम, जेवण, शाहिरी, शाळांच्या सहली यांची मागणी वाढेल. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, गडावर मनाला येईल तो कार्यक्रम करता येणार नाही. पण खाली गावात करता येईल, आणि तो गावातल्या पोराने करावा, पुण्याच्या कंपनीने येऊन गावातल्या पोराला खुर्च्या उचलायला लावू नये.

हे सगळं आम्ही त्या दिवशी त्या बाप-लेकाला एका बैठकीत सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की पुढच्या वेळी येताना फोटो नको, वही आण. परवा दोघं परत आले. पोराने दोनशे पानी वही आणली होती. अकरा कामं लिहिलेली, तीन ठिकाणी येणे बाकी, आणि शेवटच्या पानावर येत्या हंगामातल्या एका साखरपुड्याचा करार, सहीसकट. अब्बांनी चष्मा लावला. एसटीत तिकिटं फाडून आयुष्य गेलेला माणूस, बेरजा तोंडी तपासत गेले. एक बेरीज चुकलेली निघाली. मग करारावर आले, दोनदा वाचला आणि पोराकडे न बघता विचारलं, “जनरेटरचं डिझेल कोणाच्या अंगावर, ते कुठे लिहिलंय?”

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.